दवाखाना जवळ आहे, पण आपण जातो केव्हा?

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन पाहावे. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, काखेत लेकरू. इतर दिवशी तोच व्हरांडा अर्धा रिकामा असतो. मग माणसे काय फक्त बाजाराच्याच दिवशी आजारी पडतात? नाही. ताप शुक्रवारी येतो आणि आपण मंगळवारच्या बाजाराची वाट पाहतो. त्या दिवशी मजुरी तशीही बुडालेली असते, गाडीभाडे एकदाच लागते, मीठ-मिरचीही होते आणि दवाखानाही होतो. गरिबाने घातलेला हा हिशेब मूर्खपणाचा आहे असे कोणी शहाण्याने म्हणू नये. पण या हिशेबात एक रक्कम धरायची राहून जाते. शुक्रवार ते मंगळवार या चार दिवसांत आजार थांबलेला नसतो, तो वाढत असतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि नोकरीने कारकून. औषधातले मला कळत नाही आणि मी कोणाला औषध सांगतही नाही. पण कागद, खिडकी, रांग आणि हिशेब या चार गोष्टींशी माझा रोजचा संबंध आहे. मोहल्ल्यातील रुग्णांसोबत दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मला एक गोष्ट दिसून आली. आपली माणसे औषधावाचून जेवढी मागे राहतात, तेवढीच दवाखान्याची रीत माहीत नसल्यामुळे मागे राहतात. म्हणून हा लेख त्या रीतीबद्दल आहे.

कोणता दवाखाना कशासाठी?

स्वातंत्र्यापूर्वी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये आणि दवाखाना खेड्याच्या जवळ असावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. या सर्व तालुक्यांत सरकारी आरोग्यसेवेची एक शिडी उभी आहे.

शिडीची पहिली पायरी म्हणजे गावातील आशाताई. दुसरी पायरी उपकेंद्र. साधारण ५ हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजारांमागे एक, असे त्याचे माप आहे. तेथे नर्सबाई असतात आणि आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. तिसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. ३० हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात २० हजारांमागे एक. तेथे एमबीबीएस किंवा आयुर्वेदाचे डॉक्टर, औषध देणारे, रक्त-लघवी तपासणारे आणि बाळंतपणाची सोय असते. त्याच्या वर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय आणि तिरोड्याला उपजिल्हा रुग्णालय. सर्वांत वर गोंदिया शहरातील कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, ज्याला आपण केटीएस म्हणतो, आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. ही दोन्ही रुग्णालये २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत.

ही शिडी आपण उलटी वापरतो. साध्या सर्दी-खोकल्यासाठी ट्रॅक्स धरून गोंदिया गाठतो आणि छातीत कळ आली तर गावातल्या सुईवाल्याला बोलावतो. खोकला, ताप, खरूज, हगवण, जखम, रक्तदाब, साखर आणि लसी यांसाठी आरोग्य केंद्र पुरेसे आहे. छातीत दुखणे, श्वास कोंडणे, बेशुद्धी, लकवा, अडलेले बाळंतपण आणि सर्पदंश यांत एक मिनिट न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून सुरू आहे आणि तिला एक पैसाही द्यायचा नसतो.

उधारीवरचा डॉक्टर

मागे रोवणीच्या दिवसांत तापाने फणफणलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, "काऊन जी दाजी, सरकारी दवाखान्यात नाही गेले?" ते म्हणाले, "कायले जाऊ? तेथे सुई देत नाही, निरा गोळ्या देतेत. आन् इथला डॉक्टर संध्याकाळी घरी येते, पैसे धान निघाल्यावर घेते."

या उत्तरात सर्व काही आले. गावात फिरणारा हा माणूस डॉक्टर आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. पण तो तीन गोष्टी देतो. तो मजुरी बुडवत नाही, उधारी ठेवतो आणि बोलतो गोड. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, पण रोवणीच्या दिवसांत सकाळची वेळ मोलाची असते. म्हणून लोक फुकटचे सोडून विकतचे घेतात. आता हाच हिशेब वहीवर मांडून पाहू या.

समजा मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे. पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलो तर एक मजुरी ३०० आणि दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे ८०, असे ३८० रुपये गेले. रक्त तपासून औषध मिळाले. आता दुसरी बाजू. पहिल्या संध्याकाळी सुई १५० रुपये. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई १५०. पाचव्या दिवशी सलाईन ४००. मध्ये अंगात त्राण नाही म्हणून चार मजुऱ्या बुडाल्या, त्याचे १२००. बेरीज १९०० रुपये. इतके करून ताप उतरला नाही तर शेवटी गोंदिया आहेच. उधारी वहीत राहिली म्हणून ती कमी होत नाही. धान विकले की सावकाराच्या आधी हा माणूस दारात उभा राहतो.

याचा अर्थ प्रत्येक खाजगी डॉक्टर लुबाडणारा आहे असा नाही. शिकलेले, नोंदणी असलेले आणि गरिबाची कदर करणारे डॉक्टरही आपल्या भागात आहेत. पण ज्याच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र नाही, जो चिठ्ठी लिहून देत नाही आणि कोणते औषध टोचले ते सांगत नाही, त्याच्या हाती आपले लेकरू देऊ नये. खरा डॉक्टर आपल्या औषधाचे नाव कागदावर लिहायला घाबरत नाही.

सुई आणि सलाईनचे वेड

सुई घेतली की बरे वाटते, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. सुई लवकर काम करते हे खरे, पण प्रत्येक आजाराला ती लागत नाही. ताप उतरवणारी गोळी पोटातून जाऊनही ताप उतरवते. गावठी सुईत अनेकदा स्टेरॉईड मिसळलेले असते. त्याने तासाभरात तरतरी येते, दुखणे दबते आणि डॉक्टरचे नाव होते. पण आतला आजार तसाच राहतो आणि वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि अंगावर सूज येते. एकच सुई चार जणांना टोचली तर कावीळ आणि एचआयव्हीसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

सलाईन म्हणजे काय? मीठ आणि पाणी, फार तर त्यात साखर. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, त्याला ते नसेतून चढवण्याची बहुधा गरज नसते. हगवण लागल्यास दवाखान्यातून किंवा आशाताईकडून ओआरएसची पुडी फुकट मिळते. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्धी-अर्धी करायची नाही. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. मात्र लेकरू निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा पाजलेले सर्व ओकून टाकत असेल तर घरी थांबू नये. तेव्हा खरोखर सलाईन लागते आणि ते दवाखान्यातच लागते.

खिडकीपासून औषधापर्यंत

आता दवाखान्यात गेल्यावर काय करावे ते सांगतो. बाह्यरुग्ण विभाग सकाळी आणि सायंकाळी असतो. वेळ दर्शनी फलकावर लिहिलेली असते, ती एकदा वाचून घरी भिंतीवर लिहून ठेवावी. वेळ संपता-संपता गेल्यास डॉक्टर भेटतात, पण तपासणी खोली बंद झालेली असते. मग रक्त दुसऱ्या दिवसावर जाते आणि दुसरी मजुरी बुडते. तातडीच्या रुग्णाला मात्र वेळेचे बंधन नाही. त्याला रात्री-अपरात्रीही पाहिले गेले पाहिजे.

केसपेपरचे पैसे आता लागत नाहीत. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या विभागाकडे येते, म्हणून तेथील आकार खिडकीवर विचारून घ्यावा आणि जे पैसे द्याल त्याची पावती मागावी. पावती नसेल तर पैसे देऊ नयेत.

केसपेपर हा आपल्या आजाराचा खातेउतारा आहे. आपण काय करतो? औषध घेतले की त्याची पुडी करून तंबाखू बांधतो. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतात, मागे काय दिले होते? आपण म्हणतो, लाल गोळी आणि पांढरी गोळी. लाल गोळ्या शेकडो प्रकारच्या असतात. घरातील प्रत्येक माणसाची एक पिशवी करावी. जुने केसपेपर, रक्ताचे अहवाल, लसीचे कार्ड आणि खाजगी डॉक्टरची चिठ्ठीही त्यातच ठेवावी. आधी कोणाकडून सुई घेतली असेल तर तेही सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये. लपवलेल्या सुईमुळे चुकीचे औषध दिले जाऊ शकते.

डॉक्टरसमोर बोलणे हा सर्वांत कठीण भाग आहे. आपली माणसे टेबलासमोर उभी राहतात, "अंग दुखते" एवढेच सांगतात आणि बाहेर येऊन नर्सबाईला खरे दुखणे सांगतात. या संकोचाची मुळे जुनी आहेत. डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत छापून आली होती. ती बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात नोंदवून ठेवली. त्या शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. रुग्णाला वस्तीबाहेर आणवून त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. नाडीला हात न लावता आजार ठरवला गेला. ती माउली वाचली नाही. आज आपल्या मनगटावर डॉक्टरचा हात पडतो, यामागे मोठी लढाई आहे. तेव्हा त्या टेबलासमोर खालमानेने उभे राहायचे कारण नाही. कधीपासून दुखते, कोठे दुखते, कशाने वाढते, या तीन गोष्टी सरळ सांगाव्यात. बायाबापड्यांनी पांढरे जाणे, पाळीचा त्रास, छातीतील गाठ या गोष्टी लाजेने लपवू नयेत. पुरुष डॉक्टर असतील तर नर्सबाईला सोबत बसवून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

औषध घेताना खिडकीवरच विचारावे, कोणती गोळी, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस. बरे वाटले म्हणून जंतूनाशक गोळ्या मध्येच सोडू नयेत आणि उरलेल्या शेजारणीला देऊ नयेत. क्षयरोगाच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. औषध फुकट आहे, ते साधारण सहा महिने नेमाने घ्यावे लागते. पोषक आहारासाठी क्षयरुग्णाच्या खात्यात नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १ हजार रुपये देण्याची योजना आहे. आधी ते ५०० होते. म्हणून बँकेचे पासबुक पहिल्याच दिवशी नेऊन नोंद करून घ्यावी.

पावसाळ्याचे दोन वैरी

आपला जिल्हा तलावांचा, बोड्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा. पावसाळ्यात बांधीत पाणी आणि घरात डास. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत मलेरियाचा त्रास जुना आहे. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईकडे किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. पट्टीवरची तपासणी अर्ध्या तासाच्या आत कळते. मलेरियाचा एक प्रकार मेंदूपर्यंत जातो आणि दोन-चार दिवसांत माणूस नेतो. म्हणून 'बाजाराच्या दिवशी पाहू' हे या तापात चालत नाही. दुसऱ्या प्रकारात गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून त्या थांबवल्या तर तो पुन्हा उलटतो.

दुसरा वैरी साप. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या चाव्याची खूण कधी दिसत नाही, दुखतही फारसे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, काही बाधले असेल. मग मांत्रिक येतो, कडुनिंबाचा पाला येतो आणि मोलाचे तास निघून जातात. सापाचे विष मंत्राने उतरत नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस वाचतो आणि त्याचे श्रेय मांत्रिक घेतो, एवढेच. त्यावर इलाज सर्पविषरोधक लसीचा आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. दोरीने करकचून बांधू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने ओढू नये. हात-पाय हलू न देता, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढून रुग्णाला झोपवून न्यावे. जमिनीऐवजी खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी खोचून घेणे, या एका सवयीने डास आणि मण्यार दोन्ही टळतात.

कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना भरू नये. लसीच्या पुढच्या तारखा चुकवू नयेत.

पत्रिका सोडली, आता रक्त तपासा

आता जो विषय आपल्या घराघरांत आहे आणि ज्याबद्दल आपण बोलत नाही, तो म्हणजे सिकलसेल. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही या आजाराचे प्रमाण मोठे आहे. १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून ही गोष्ट डॉक्टरांना माहीत आहे. घरच्या माणसांना मात्र अजून माहीत नाही.

यात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक नसांत अडकतात. मग सांधे ठणकतात, लहान बाळाचे हात-पाय सुजतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होते आणि ताप वारंवार येतो. पुष्कळ घरांत याला वात म्हणतात, काही घरांत करणी म्हणतात. पोराला देवऋषीकडे नेणारी बौद्ध कुटुंबे मी पाहिली आहेत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि लिंबू उंबरठ्यावर, असे त्या घरांतील चित्र आहे.

हा आजार संसर्गाने होत नाही. तो आई आणि वडील या दोघांकडून येतो. ज्याला एकाकडूनच दोष मिळाला तो वाहक. वाहक हा रुग्ण नाही. तो धान कापू शकतो, पोलिसात भरती होऊ शकतो, म्हातारा होऊ शकतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. आणि दोष दोघांकडून आलेला असतो. म्हणून आजारी लेकरू झाले की सुनेला बोल लावणे हा अज्ञानाचा आणि अन्यायाचा कळस आहे.

हा आजार आपल्याच भागात का? जेथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता, तेथे वाहक माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले आणि तो टिकला. आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या काठीही हेच घडले. तेव्हा यात जातीचा कमीपणा नाही, लाजेसारखे काही नाही.

सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते. त्यात दोष दिसला तर रुग्ण की वाहक हे ठरवणारी पुढची तपासणी होते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी करायची आहे. आपण धम्म स्वीकारला तेव्हा लग्नातील पत्रिका, गुण आणि मुहूर्त सोडले. आता वधू-वरांच्या माहितीत शिक्षण, उंची आणि नोकरीसोबत सिकलसेलचा अहवालही असावा. दोघेही वाहक निघाले तर लग्नाआधी विचार करता येतो. लग्न झालेलेच असेल तर गर्भार राहताच डॉक्टरांना सांगावे म्हणजे वेळेत तपासणी व सल्ला मिळतो. मात्र या अहवालाचा उपयोग मुलीला नाकारण्याचे हत्यार म्हणून होऊ नये. वाहक मुलगी निरोगी मुलाशी आणि वाहक मुलगा निरोगी मुलीशी निर्धास्त लग्न करू शकतो. त्यांच्या पोटी रुग्ण मूल जन्मत नाही.

घरात रुग्ण असेल तर त्याला भरपूर पाणी पाजावे, थंडीत भिजू देऊ नये, उन्हातान्हात जड काम देऊ नये. फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्यावी. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध अनेकांचे दुखणे कमी करते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. ताप आला, छातीत दुखले, श्वास लागला किंवा चेहरा एकदम पांढरा पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवावे आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

बाळंतपण

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. आज त्या विचाराची फळे कागदावर आपल्यासाठी आहेत, ती पदरात पाडून घ्यावीत. तीन महिन्यांच्या आत नोंदणी करावी. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या, जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यास ७०० रुपये मिळतात. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त आणि जेवण फुकट आहे. घरून नेणे आणि परत आणून सोडणेही फुकट आहे, त्यासाठी १०२ क्रमांक. नवव्या महिन्यापर्यंत रोवणी करून कळा सुरू झाल्यावर आशाताईला हाक मारणे, ही आपली जुनी सवय आता मोडली पाहिजे.

मोठा आजार आला तर

हृदयाचा, किडनीचा, कर्करोगाचा आजार आला की आपण आधी शेत गहाण ठेवतो आणि नंतर योजना विचारतो. क्रम उलटा हवा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्याकडे आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याच्या वेळीच रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. आधी रोख भरून नंतर योजना मागितली तर पैसे परत मिळणे फार कठीण जाते. आणि रेशनकार्डावरील नाव, आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर तो निरोगी असतानाच दुरुस्त करून घ्यावा. आजारपणात तहसीलच्या पायऱ्या चढवत नाहीत.

तक्रार करायची तर कागदावर

आता दुसरी बाजू. सर्व दोष रुग्णाचाच आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. डॉक्टरची जागा रिकामी असते, औषध बाहेरून आणायला सांगतात, कोठे-कोठे रुग्णाला हाडतूड होते. एका दवाखान्यात ताप आलेल्या बाळाच्या आईला "आता वेळ संपली" म्हणून परत पाठवताना मी स्वतः पाहिले आहे. अशा वेळी आपण दोन टोकांना जातो. एकतर मुकाट परत येतो, नाहीतर डॉक्टरच्या अंगावर धावून जातो. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हात उगारणे हा २०१० च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. शिवाय मार खाल्लेला डॉक्टर बदली करून घेतो आणि नुकसान गावाचेच होते.

तक्रार लेखी करावी. तारीख, वेळ, रुग्णाचे नाव, केसपेपरचा क्रमांक आणि घडले ते पाच ओळींत. विशेषणे नकोत. दोन प्रती काढाव्यात. एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे एका कारकुनाचे बोल ध्यानात ठेवा. पंधरा दिवसांत काही न झाल्यास जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे. २००५ च्या माहिती अधिकाराने औषधसाठ्याची व रिकाम्या जागांची माहिती मागता येते. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो शेतमजूर रेल्वेतून पडला होता आणि रुग्णालयामागून रुग्णालयांनी त्याला परत पाठवले होते. तो आपल्यातलाच होता.

प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला आरोग्य व पोषण समिती असते. तिच्या हाती थोडा निधीही असतो. त्या बैठकांना आपल्यातील किती जण जातात? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा मागतो. या निधीचाही मागितला पाहिजे.

शेवटी करण्याजोगे एक काम सुचवतो. प्रत्येक बुद्धविहारात एक फळा लावावा. त्यावर जवळच्या दवाखान्याची वेळ, आशाताईचे व नर्सबाईचे येण्याचे वार, १०८ आणि १०२ हे क्रमांक आणि गावातील एका शिकलेल्या मुला-मुलीचे नाव लिहावे, जो रुग्णासोबत खिडकीपर्यंत जाईल. रोवणीच्या दिवसांत आळीपाळीने एकाने आजाऱ्याला न्यावे आणि त्याच्या वाट्याची मजुरी इतरांनी थोडी-थोडी भरून काढावी. भगवान बुद्धांनी हगवणीने आजारी पडलेल्या, कोणी न पाहणाऱ्या भिक्खूला आनंदासह स्वतः हाताने धुतले आणि मग संघाला एकमेकांची सेवा करण्यास सांगितले. आपल्या विहारात दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर पाच मिनिटे थांबून, या आठवड्यात मोहल्ल्यात कोण आजारी आहे, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ ताप मंगळवारच्या बाजारापर्यंत थांबणार नाहीत.

जयभीम!